जपानने काढून टाकलेली सेडान न्यूझीलंडची कुटुंबगाडी कशी झाली? (धागा)

१/
१९६० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या एखाद्या शिक्षकाला नवी मोटार घ्यायची असेल, तर विक्रेत्याचा पहिला प्रश्न रंगाचा किंवा इंजिनाचा नसे. परदेशी चलन आहे का, हा पहिला प्रश्न असे. ज्याच्या नावावर लंडनच्या बँकेत पौंड जमा असतील, त्याला गाडी लवकर मिळे. ज्याच्याकडे ते नसतील, त्याचे नाव यादीत जाई. ती यादी किती सरकली हे विचारायला तो महिनोन्महिने हेलपाटे घाली.

२/
मराठी वाचकाला हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबलेली माणसे आपल्याकडे घरोघरी होती. फरक इतकाच, की न्यूझीलंड त्या काळी जगातल्या सुखवस्तू देशांत गणला जाई. घर, हिरवळ, दूध, लोणी, मांस यांची ददात नव्हती. मोटारीची मात्र होती.

३/
या टंचाईचे मूळ १९३८ च्या डिसेंबरात आहे. मायकेल जोसेफ सॅव्हेज यांच्या मजूर पक्षाच्या सरकारपुढे परकीय चलनाचे गंभीर संकट उभे राहिले आणि सरकारने आयातीवर परवाना पद्धत आणली. देश लोकर, मांस आणि लोणी ब्रिटनला विकून जगत होता. त्या कमाईतला प्रत्येक पौंड कशावर खर्च व्हावा, हे आता सरकार ठरवणार होते. संकट टळले, महायुद्ध आले आणि संपले, सरकारे बदलली. परवाने राहिले, आणि मोटारींच्या बाबतीत जवळजवळ पन्नास वर्षे राहिले.

४/
पूर्ण तयार गाडी आणण्यापेक्षा सुटे भाग पेटाऱ्यांतून आणून देशात जोडणे, हा मार्ग सरकारला पसंत होता. जकातीची रचनाही तशीच होती. वेलिंग्टनजवळ पेटोनी आणि सीव्ह्यू येथे जनरल मोटर्स व फोर्ड यांचे जोडणी-कारखाने महायुद्धापूर्वीच उभे होते. पुढे असे कारखाने लहान लहान गावांतही गेले. काच, टायर, बॅटरी, आसनांचे कापड असे काही भाग देशातच बनवलेले वापरावे लागत, त्यामुळे एका कारखान्यामागे अनेक छोटे उद्योग उभे राहिले.

५/
नेल्सनच्या कारखान्याची कथा तर कादंबरीत शोभावी अशी आहे. ती इमारत मुळात कापडगिरणीसाठी बांधली जात होती. गिरणीचा बेत फसला, आणि रिकाम्या इमारतीत १९६५ च्या सुमारास ब्रिटिश ट्रायम्फ गाड्यांची जोडणी सुरू झाली. कालांतराने तिथेच होंडा गाड्या बनू लागल्या. कोरोमंडल द्वीपकल्पाच्या पायथ्याशी असलेले थेम्स हे सोन्याच्या खाणींवर वसलेले आणि खाणी संपल्यावर सुस्तावलेले गाव. १९६४ मध्ये तिथे जोडणी-कारखाना आला आणि पुढे तो टोयोटाचा झाला. हे गाव लक्षात ठेवावे, कारण धाग्याच्या शेवटी त्याचे पुन्हा काम आहे.

६/
या व्यवस्थेचा एक चमत्कारिक परिणाम झाला. नवी गाडी मिळतच नसल्याने एक-दोन वर्षे वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जाऊ लागली. मोटार ही वापरून झिजणारी वस्तू आहे, हा जगाचा अनुभव न्यूझीलंडमध्ये उलटा झाला. साहजिकच कोणी जुनी गाडी मोडीत काढेना. वीस-वीस वर्षांच्या मॉरिस, ऑस्टिन, हिलमन आणि व्हॉक्सहॉल गाड्या पत्र्याला ठिगळे लावून रस्त्यावर धावत राहिल्या. सुट्टीच्या दिवशी वडील गाडीखाली आणि मुलगा हातात पाना घेऊन शेजारी, हे चित्र तिथल्या कौटुंबिक जीवनाचा भागच होते.

७/
जपानी गाड्या या देशात येऊ लागल्या त्या १९६० च्या दशकात, आणि त्याही सुट्या भागांच्या पेटाऱ्यांतून. टोयोटा कोरोना, कोरोला, डॅटसन, मग मित्सुबिशी. महायुद्धात पॅसिफिकमध्ये जपानविरुद्ध लढलेली पिढी तेव्हा ऐन कर्तेपणात होती, त्यामुळे सुरुवातीला नाके मुरडली गेली. पण थंडीच्या सकाळी पहिल्या किल्लीला सुरू होणारी गाडी ही नुसत्या जाहिरातीपेक्षा पटणारी गोष्ट असते. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला. न्यूझीलंडच्या लोण्याची हक्काची बाजारपेठ आकसू लागली, आणि ब्रिटिश मोटारीवरची निष्ठाही त्याच सुमारास उतरणीला लागली.

८/
त्याच वर्षी तेलाचा पहिला भडका उडाला, १९७९ मध्ये दुसरा. रॉबर्ट मल्डून यांच्या सरकारने ३० जुलै १९७९ पासून गाडीविना दिवसाचा नियम काढला. प्रत्येक मालकाने आठवड्यातला एक वार निवडायचा, त्या वाराचे रंगीत चिकटपत्र काचेवर लावायचे आणि त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही. ज्यांच्या घरी दोन गाड्या होत्या त्यांनी दोन वेगळे वार निवडले आणि ते निर्धास्त राहिले. एकाच गाडीवर चालणाऱ्या घराला मात्र तो दिवस जाचला. १९८० च्या मे महिन्यात नियम गुंडाळला गेला. कमी पेट्रोलवर चालणारी चार दारांची गाडी हवी, हा धडा मात्र कुटुंबांनी पक्का गिरवला.

९/
चलनटंचाईच्या या काळात व्यापाराचे अजब मार्ग निघाले. सोव्हिएत संघाने न्यूझीलंडकडून लोणी घेतले आणि मोबदल्यात दिल्या लाडा मोटारी! दुग्धमंडळ मोटारी विकत बसले. पुढे सोव्हिएत संघ कोसळू लागल्यावर न्यूझीलंडच्या बंदरांत येणारे रशियन खलाशी त्याच जुन्या लाडा गाड्या विकत घेऊन बोटीवर चढवून मायदेशी नेऊ लागले. लोण्याच्या बदल्यात आलेली गाडी अशी परत गेली.

१०/
खरे वळण जुलै १९८४ चे. डेव्हिड लँगी पंतप्रधान झाले, रॉजर डग्लस अर्थमंत्री. सत्तेवर येताच चलनाचे २० टक्के अवमूल्यन करावे लागले, आणि मार्च १९८५ मध्ये न्यूझीलंड डॉलरचा दर बाजारावर सोडण्यात आला. शेतीची अनुदाने गेली, आयातीचे परवाने एकेक करून उठू लागले. हे सारे करणारे सरकार मजूर पक्षाचे होते. ज्या पक्षाने १९३८ मध्ये दार लावले, त्यानेच ते उघडले. १९८९ पर्यंत मोटारींवरचा परवाना संपला. जकात राहिली, पण तीही टप्प्याटप्प्याने खाली येणार होती.

११/
दार उघडले तेव्हा नव्या गाड्यांची लाट येईल, असे अनेकांना वाटले होते. आली ती जुन्या गाड्यांची लाट. हे समजण्यासाठी आता जपानमध्ये जायला हवे.

१२/
जपानमध्ये खासगी गाडीला ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. नवी गाडी घेतल्यावर पहिली तपासणी तीन वर्षांनी, नंतर दर दोन वर्षांनी. त्या काळी गाडी दहा वर्षांची झाली की दरवर्षी. या तपासणीबरोबरच वजनावरचा कर आणि सक्तीचा विमाही भरावा लागतो, त्यामुळे एका वेळची रक्कम मोठी होते. मोठ्या शहरात गाडी ठेवायला जागा आहे, असा पोलिसांचा दाखलाही लागतो.

१३/
शाकेनमध्ये जुन्या गाड्या नापास होतात म्हणून जपानी लोक त्या टाकून देतात, असे न्यूझीलंडमध्ये आजही सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. चांगली ठेवलेली गाडी ती तपासणी आरामात पार करते. पण सात वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करायचा की तीच रक्कम नव्या गाडीच्या पहिल्या हप्त्यात घालायची, हा हिशेब जपानी कुटुंब करी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे सुबत्तेचा फुगा फुगत होता, त्यामुळे उत्तर बहुधा ‘नवी’ असेच येई. परिणामी जुन्या गाडीची किंमत तिथे झपाट्याने कोसळे. जवळजवळ भंगाराच्या भावात धडधाकट सेडान मिळू लागल्या.

१४/
आणि निसर्गाने नव्हे, इतिहासाने एक सोय करून ठेवली होती. जपान आणि न्यूझीलंड दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणजे सुकाणू उजवीकडे. जर्मन किंवा अमेरिकन जुनी गाडी आणून तिचे सुकाणू हलवणे परवडणारे नव्हते. जपानी गाडी बोटीतून उतरवून, तपासून, पाटी लावून रस्त्यावर आणता येत होती.

१५/
व्यापाऱ्यांनी जपानच्या लिलावगृहांची वाट धरली. तिथे एका तासात शेकडो गाड्या विकल्या जात. प्रत्येक गाडीसोबत एक कागद असे. त्यावर गाडीची रेखाकृती काढलेली आणि तीवर तपासनिसाने खुणा केलेल्या. ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे पत्रा ठोकून दुरुस्त केल्याची लहर. एकूण स्थितीला अंकात श्रेणी, आणि अपघातात मार बसून दुरुस्त झालेली असेल तर अंकाऐवजी ‘आर’. कागद प्रामाणिक असे. पण तो जपानी भाषेत असे, आणि ऑकलंडच्या ग्राहकापर्यंत तो क्वचितच पोहोचे.

१६/
ग्राहकापर्यंत काय पोहोचे? टोयोटा कोरोना, कॅरिना, निस्सान ब्लूबर्ड, होंडा अकॉर्ड, मित्सुबिशी गॅलंट. चार दारे, ऐसपैस डिकी, आणि मुख्य म्हणजे स्वयंचलित गिअर, वातानुकूलन, बटणावर खालीवर होणाऱ्या काचा. थेम्स किंवा पोरिरुआ येथे जोडलेल्या साध्या आवृत्तीत क्लच दाबावा लागे, काच हाताने फिरवावी लागे, उन्हात तापणारी रेक्झिनची आसने असत. पाच-सहा वर्षांची जपानी गाडी त्या नव्या साध्या गाडीच्या कितीतरी कमी किमतीत मिळे, आणि तिच्यात जास्त सुखसोयी असत.

१७/
या गाड्या जपानी आठवणी सोबत घेऊन येत. रेडिओ ही पहिली अडचण होती. जपानमध्ये एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झवर चाले, न्यूझीलंडमध्ये ८८ ते १०८ वर. म्हणजे नव्या गाडीत एखाद-दुसरे केंद्र लागले तर लागले. मग वायरीत एक छोटी डबी बसवून घ्यावी लागे. काही जुन्या गाड्या ताशी शंभराच्या वर वेग गेला की घंटी वाजवत. नंतरच्या काळातल्या गाड्या सुरू होताना एका सभ्य स्त्रीच्या आवाजात जपानी भाषेत काहीतरी सांगत. टोलचे कार्ड बसवलेले नाही, एवढेच ती सांगत असे. ऑकलंडच्या मुलांना मात्र ते वाक्य अर्थ न कळताच पाठ झाले. नकाशाचा पडदा असलेल्या गाडीला तर आपण अजून जपानमध्येच आहोत असे वाटे.

१८/
मालकाची पुस्तिका वाचता येत नाही, सेवेची नोंदवही वाचता येत नाही, आधीचा मालक कोण हे माहीत नाही. तरीही बायको-मुलांना बसवून रात्रीच्या घाटातून हीच गाडी न्यायची. कुटुंबाच्या दृष्टीने हा निर्णय सोपा नव्हता. टायमिंग बेल्टचे उदाहरण घ्यावे. अनेक इंजिनांत तो साधारण एक लाख किलोमीटरला बदलावा लागे. जपानमधून गाडी नेमकी त्याच्या अलीकडे-पलीकडे विकली जाई. बेल्ट बदलला की नाही हे कळायला मार्ग नसे, आणि तो रस्त्यात तुटला तर काही इंजिनांचे तुकडेच हाती येत. जाणते मेकॅनिक म्हणून गाडी घेतल्याबरोबर बेल्ट बदलायला लावत, आकडा काहीही असो.

१९/
आकडा काहीही असो, असे म्हणण्याला कारण होते. किलोमीटरचा आकडा मागे फिरवण्याचा धंदा या व्यापारात बोकाळला. जपानमध्ये दीड लाख चाललेली गाडी न्यूझीलंडच्या पटांगणात साठ हजारांवर उभी राहू शके. जपानी लिलावाचा कागद फेकून दिला की पुरावा संपला. सर्वच व्यापारी असे होते असे नाही, पण प्रामाणिक माणसालाही संशयाची किंमत मोजावी लागली. निर्यातीपूर्वी आकडा पडताळणाऱ्या तपासण्या आल्या. पुढे २००३ च्या मोटार विक्री कायद्याने विक्रेत्यांना नोंदणी सक्तीची केली. विकायच्या गाडीच्या काचेवर तिची माहिती लावणे बंधनकारक झाले, आणि आयातीच्या वेळी गाडीला मार बसलेला होता का, तेही त्यात येऊ लागले.

२०/
या काळात जाहिरातींत दोन शब्द रूढ झाले, ते आजही चालतात. ‘न्यूझीलंड-न्यू’ म्हणजे या देशात नवी म्हणून विकलेली, आणि ‘इम्पोर्ट’ म्हणजे जपानमध्ये वापरून आणलेली. दोन्ही गाड्यांचे नाव, कंपनी, कधीकधी साचाही एक. तरी किंमत वेगळी. या भेदाला थोडा आधारही होता. फॉर्म्युला वनचे माजी चालक ख्रिस अ‍ॅमन यांनी टोयोटाच्या न्यूझीलंड शाखेसाठी गाड्यांचे सस्पेन्शन तिथल्या खडबडीत, वळणदार रस्त्यांसाठी मुद्दाम जुळवून दिले होते. टोकियोच्या सपाट रस्त्यांसाठी मऊ ठेवलेली कोरोना त्या वळणांवर डोलायची. पण आठवडी सामान आणणाऱ्या आणि मुलांना शाळेत सोडणाऱ्या घराला त्या डोलण्याची फिकीर नव्हती.

२१/
१९९० च्या दशकात देशात पहिल्यांदा नोंदल्या जाणाऱ्या मोटारींत वापरलेल्या जपानी गाड्यांनी नव्या गाड्यांना मागे टाकले. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वर्षाला सुमारे दीड लाख वापरलेल्या गाड्या येत होत्या, आणि देशाची लोकसंख्या होती चाळीस लाखांच्या आसपास. जुन्या गाडीच्या किमती कोसळल्या. ज्यांनी बापजाद्यांच्या मॉरिसला गुंतवणूक समजून जपले होते, त्यांचे गणित एका दशकात मोडले. उलट ज्या घरात कधी गाडी नव्हती तिथे ती आली, आणि जिथे एक होती तिथे दोन झाल्या. १९९१ मध्ये गुणांवर आधारित स्थलांतर धोरण आले, त्यानंतर आलेल्या भारतीय कुटुंबांचा, त्यांत मराठीही आले, या देशातला पहिला मोठा खर्च बहुधा अशाच एखाद्या सेडानवर झाला.

२२/
शेजारच्या ऑस्ट्रेलियाने उलटा निर्णय घेतला. तिथेही सुकाणू उजवीकडे, जपान तितकेच जवळ. पण तिथे स्वतःचा मोटार उद्योग मोठा होता. तो वाचवण्यासाठी वापरलेल्या आयात गाडीवर बारा हजार डॉलरची खास जकात ठेवण्यात आली आणि नियमांची कुंपणेही घातली गेली. ऑस्ट्रेलियन कुटुंब आणखी बरीच वर्षे नव्या किंवा देशातच जुन्या झालेल्या फाल्कन आणि हॉल्डनमध्ये फिरत राहिले.

२३/
न्यूझीलंडच्या कारखान्यांना असे कुंपण उरले नाही. फोर्डचा सीव्ह्यूचा कारखाना १९८८ मध्ये बंद झाला, जनरल मोटर्सची ट्रेंटहॅम येथील जोडणी १९९० मध्ये थांबली. उरले ते बहुतेक जपानी कंपन्यांचे. स्वतःच्याच जुन्या गाड्या त्यांच्या नव्या गाड्यांचे गिऱ्हाईक पळवत होत्या. मे १९९८ च्या अर्थसंकल्पात मोटारींवरची उरलीसुरली जकातही काढून टाकण्यात आली. त्याच वर्षी पोरिरुआचा मित्सुबिशीचा, विरीचा निस्सानचा, नेल्सनचा होंडाचा आणि थेम्सचा टोयोटाचा, असे चारही कारखाने गाड्या जोडायचे थांबले.

२४/
हा निर्णय आर्थिकदृष्ट्या योग्य होता, असे बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात, आणि आकड्यांत ते खरेही आहे. चाळीस लाखांच्या देशाने महाग गाड्या जोडत राहण्यात अर्थ नव्हता. पण पोरिरुआच्या पत्राकामगाराला ते सांगणे वेगळे. त्या कारखान्यांत पॅसिफिक बेटांवरून आलेली कितीतरी कुटुंबे उभी राहिली होती. बाप एका पाळीला, आई दुसऱ्या. विलक्षण गोष्ट अशी, की ज्या स्वस्त गाडीने कारखाना बुडवला तीच या कामगारांनाही परवडत होती. आपल्या हाताने जोडलेली नवी गाडी घेण्याची ऐपत त्यांच्यातल्या फार थोड्यांची होती.

२५/
सरकारने पुढे मुक्त दाराला उंबरठा घातला. २००२ पासून समोरून होणाऱ्या धडकेत प्रवाशांना वाचवण्याचे मानक वापरलेल्या गाड्यांनाही लागू झाले. त्यामुळे १९९० च्या दशकाच्या मध्याआधीच्या बहुतेक जपानी गाड्यांची आयात थांबली. २००८ मध्ये धुराचे नियम आले. स्वस्ताईचा एक दुष्परिणाम मात्र तसाच राहिला. आठ वर्षांची होऊन आलेली गाडी पुढे आणखी दहा वर्षे चालवायची, या रीतीमुळे तिथल्या मोटारींचे सरासरी वय आज चौदा वर्षांच्या पुढे आहे. श्रीमंत देशांत इतक्या वयस्क गाड्या क्वचितच दिसतील. वीस वर्षांची मॉरिस गेली, तिच्या जागी वीस वर्षांची कोरोना आली.

२६/
आता थेम्स. १९९८ मध्ये तिथे शेवटची टोयोटा जोडली गेली, पण इमारतीला कुलूप लागले नाही. टोयोटाने त्याच छपराखाली वेगळे काम सुरू केले. जपानमधून वापरलेल्या टोयोटा गाड्या बोटीने आणायच्या, थेम्सला न्यायच्या, उघडून तपासायच्या, झिजलेले भाग बदलायचे, पोचे काढायचे, आतून धुवायच्या, रेडिओ दुरुस्त करायचा आणि कंपनीची हमी देऊन देशभर विकायच्या. ‘सिग्नेचर क्लास’ असे त्या गाड्यांना नाव दिले गेले. पूर्वीपेक्षा कामगार थोडे लागत. पेटाऱ्यांतून आलेले सुटे भाग जिथे जोडले जात, तिथे आता नागोया आणि योकोहामाच्या अनोळखी कुटुंबांनी वापरलेल्या सेडान एकामागून एक रांगेत येऊन उभ्या राहत होत्या.